पंचगंगेचं दप्तर कुणाच्या कपाटात?

जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरकर फुटांत बोलतो. ‘राजाराम किती झाला?’ एवढंच विचारलं तरी पानपट्टीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना कळतं की प्रश्न राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पाणीपातळीचा आहे. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. त्याच माणसाला एप्रिलमध्ये गाठा आणि विचारा, याच नदीवर खाली तेरवाडच्या बंधाऱ्यात पाण्यात प्राणवायू किती उरलाय? गेल्या वर्षी याच महिन्यात किती होता? उत्तर येणार नाही. पुराचा आकडा आपल्याला पाठ आहे कारण कुणीतरी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी पट्टी वाचतं, लिहून ठेवतं आणि गावाला सांगतं. घाणीची अशी पट्टी लोकांच्या नजरेसमोर कधी रोवलीच गेली नाही.

हे लिहायचं निमित्त आहे नदी स्वच्छता मोहिमांचे समारोप. मोहीम कुठलीही असो, शेवट साधारण ठरलेला असतो. सभागृह, फ्लेक्स, शाल-श्रीफळ, स्मृतिचिन्हं, पडद्यावर पाच मिनिटांची चित्रफीत. हल्ली त्यात एका घोषणेची भर पडली आहे: मोहिमेचा ऑनलाइन संग्रह उभारणार. घोषणा चांगलीच आहे. पण ‘संग्रह’ म्हणून शेवटी जे समोर येतं ते बहुधा फोटोंचा अल्बम असतो. हातमोजे घातलेले विद्यार्थी, घमेली हातोहात देणारी रांग, मान्यवरांच्या हातात झाडू. पाच वर्षांनी तो उघडणाऱ्याला मोहिमेत कोण होतं ते कळेल, नदीचं काय झालं होतं ते कळणार नाही.

माझं म्हणणं असं की मोहीम आवरती घेताना जो संग्रह उभा करायचा, त्याचा विषय मोहीम नसावाच. विषय नदी असावी. त्याची मांडणी कार्यक्रमांच्या तारखांवर नको, नाल्यांवर आणि बंधाऱ्यांवर हवी. दुधाळी नाला, पंचगंगा घाट, जयंती नाला, राजाराम बंधारा, रुई, तेरवाड, शिरोळ अशी नदी जशी खाली जाते तशी पानं खाली जावीत. प्रत्येक पानावर त्या जागेचं जे जे दिसलं, मोजलं, मागितलं, नाकारलं गेलं ते सगळं एकाखाली एक. म्हणजे पुढच्या वर्षी त्याच दगडावर उभा राहणारा माणूस शून्यापासून सुरुवात करणार नाही.

पहिलं भांडण मात्र टनांशी आहे. प्रत्येक समारोपात एक आकडा मोठ्या अक्षरांत असतो, इतके टन कचरा काढला. आता केंदाळाचं, म्हणजे जलपर्णीचं, वजन म्हणजे बहुतेक पाण्याचंच वजन, नव्वद टक्क्यांहून जास्त. ओढून काढलेला ढीग त्याच सकाळी वजनकाट्यावर नेला तर एक आकडा, चार दिवस उन्हात वाळल्यावर नेला तर वेगळाच. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्याला काट्याची गोष्ट मी काय सांगावी! शिवाय केंदाळ हे लक्षण आहे. सांडपाण्यातून आणि शेतातून येणारा नायट्रोजन-फॉस्फरस आणि बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातल्यावर उभं राहिलेलं पाणी, यांवर ते पोसतं. ते कितीही काढलं तरी पोसणारं तसंच राहिलं की पुन्हा येतं. म्हणून ‘किती काढलं’ यापेक्षा ‘काढल्यावर किती दिवसांत परत आलं’ ही नोंद कितीतरी मोलाची. ती मी एकाही समारोपाच्या फ्लेक्सवर पाहिलेली नाही, आणि का नसते ते उघड आहे.

केंदाळाखालून निघतं त्यालाही पत्ता असतो. घाटाजवळ निर्माल्याच्या पिशव्या आणि देव्हाऱ्यातून काढलेल्या जुन्या तसबिरी निघतात. पुलाखाली कोंबडीची पिसं आणि आतडी. नाल्याच्या तोंडाशी सलाईनच्या नळ्या. हे सगळं ‘कचरा’ या एका शब्दात कोंबून टनात मोजलं की उपाय सुचायची वाटच बंद होते. निर्माल्यासाठी पुलावर जाळी आणि घाटावर कुंड लागतं, पिसांसाठी चिकनवाल्यांकडे जाणारी स्वतंत्र गाडी लागते, सलाईनसाठी दवाखान्यांचा कचरा उचलणाऱ्या यंत्रणेला जाब विचारावा लागतो. कुठल्या जागी काय निघालं याचा साधा तक्ता असेल तर या तीन गोष्टी तीन वेगळ्या टेबलांवर नेता येतात. गणेश विसर्जनाच्या बाबतीत कोल्हापुरानं हे करून दाखवलं आहे. मूर्तिदान, निर्माल्यदान आणि इराणी खण या पाणी साठलेल्या जुन्या दगडखाणीकडे वळवलेलं विसर्जन हे एका नेमक्या गोष्टीवर वर्षानुवर्षं बोट ठेवल्यामुळे जमलं.

पंचगंगेचं खरं दुखणं मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या कचऱ्यात नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती अशा पाच नद्या प्रयाग चिखलीला एकत्र येतात, तिथून नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंत ही नदी एका दाट वस्तीच्या, कारखानदारीच्या पट्ट्यातून जाते. कोल्हापूर शहराचं सांडपाणी, इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचं रंगीत पाणी, साखर कारखान्यांची मळी, काठच्या गावांची गटारं. शहरात कसबा बावड्याला ७६ आणि दुधाळीला १७ दशलक्ष लिटर क्षमतेची सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आहेत. पण जयंती नाल्यावर वीज गेली किंवा पाणी केंद्राकडे उचलणारा पंप बंद पडला की नाल्याचं पाणी बांधावरून सांडून थेट नदीत जातं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. मग कोल्हापूर इचलकरंजीकडे बोट दाखवतं, इचलकरंजी वर कोल्हापूरकडे, दोघं मिळून कारखान्यांकडे, आणि कारखाने गावांच्या गटारांकडे. वाड्यातल्या भांडणात प्रत्येक बिऱ्हाड शेजारच्या मोरीकडे बोट दाखवतं, तसं. हे भांडण इतकी वर्षं चालू शकलं कारण कुणाकडेच सलग, तारीखवार, जागावार नोंद नाही. ज्याच्याकडे थोडीफार आहे तो ती दाखवत नाही.

मासे मरतात तेव्हा काय होतं ते पाहा. तेरवाड किंवा शिरोळ भागात पाण्यावर मेलेल्या माशांचा खच येतो. गावकरी जमतात, आंदोलन होतं, व्हिडिओ फिरतात, अधिकारी येतात, पंचनामा होतो. मागणी होते, वरून पाणी सोडा. पाणी सोडलं की काळा लोट पुढे सरकतो, वास कमी होतो, आणि पुरावाही त्याच पाण्यातून कृष्णेत जातो. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे नेहमीचे नमुने घेतले जातात ते ठरावीक ठिकाणी, साधारण महिन्यातून एकदा. दोन दिवसांचा लोट महिन्याच्या जाळ्यातून सुटणारच. यात कुणाचा कट असायची गरज नाही, जाळ्याचं भोकच तेवढं मोठं आहे.

इथं मोहिमेच्या कार्यकर्त्यांच्या नोंदींचं काम सुरू होतं, पण त्यांची मर्यादाही ओळखली पाहिजे. जल प्रदूषण कायदा १९७४ चा. त्यात नमुना कसा घ्यायचा, संबंधित कारखान्याला नोटीस कशी द्यायची, नमुन्याचे दोन भाग कसे करायचे हे सगळं ठरलेलं आहे, आणि त्या पद्धतीनं न घेतलेल्या नमुन्याला कोर्टात पुरावा म्हणून किंमत नाही. आपण मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत भरून आणलेलं काळं पाणी जनजागृतीला ठीक, खटल्याला नाही. विज्ञानाच्या दृष्टीनंही तेच. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा तर नमुना जागेवरच रसायन घालून स्थिर करावा लागतो, नाहीतर प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत आकडा बदललेला असतो. जैविक प्राणवायू मागणी, म्हणजे बीओडी (पाण्यातली घाण कुजताना किती प्राणवायू खाते त्याचं माप), मोजायला नमुना थंड ठेवून वेळेत पोहोचवावा लागतो आणि उत्तर यायला दिवस लागतात. आंघोळीच्या पाण्याला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी ३ च्या आत हवी, हे मानक सगळे भाषणात सांगतात. आपला आकडा कोणत्या पद्धतीनं आला हे कुणी सांगत नाही. संग्रहात प्रत्येक आकड्याशेजारी ते हवं. चाचणीची पट्टी बुडवून पाहिलं की प्रयोगशाळेत तपासलं, कुणाच्या, किती तासांनी. ज्या आकड्याची पद्धत माहीत नाही तो टाकून देऊ नये, पण ‘पद्धत नोंदलेली नाही’ असं त्याच्यापुढे स्वच्छ लिहावं. एवढ्या प्रामाणिकपणानं संग्रह कमजोर होत नाही. उलट समोरचा वकील पहिल्याच सुनावणीत जे उकरून काढणार, ते आपणच सांगून मोकळे होतो.

मग कोर्टात न चालणाऱ्या नोंदींचा उपयोग काय? उपयोग असा की त्या अधिकाऱ्याला सांगतात, कधी आणि कुठे ये. फेस सुट्टीच्या दिवशी पहाटेच येतो का? बंधाऱ्याला बरगे असताना आणि नसताना फरक काय पडतो? नाल्याचा पंप बंद पडल्यावर किती तासांनी खालच्या गावात वास पोहोचतो? हे एका फोटोतून कधीच कळत नाही, दोन-तीन वर्षांच्या कंटाळवाण्या तक्त्यातून कळतं. त्या तक्त्यात फार काही नको. जागा, तारीख, वेळ, पाण्याचा रंग, वास, फेस, बरगे आहेत की काढलेत, नाल्याचा पंप चालू की बंद, आणि लिहिणाऱ्याची खूण. चौथी शिकलेला शेतकरीही हे भरू शकतो. मोटर चालू करायला तो रोज नदीवर जातोच. खरं तर मोहिमेच्या रविवारी येणाऱ्या आपल्यासारख्या शहरी मंडळींपेक्षा नदीची रोजची हजेरी त्याचीच.

या कामाची निकड आता वाढली आहे, आणि त्याचं कारण जरा अवघड जागी आहे. कोल्हापूर शहर पूर्वी शिंगणापूर, बालिंगा आणि बावड्याच्या उपसा केंद्रांवरून पाणी घ्यायचं, म्हणजे याच नदीच्या कुशीतून. दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणातून येणाऱ्या थेट पाइपलाइनसाठी शहरानं कित्येक वर्षं आंदोलनं केली, आणि २०२३ च्या दिवाळीत ते पाणी शहरात आलं. आनंदच होता, मलाही झाला. पण ज्या दिवशी शहराची तहान दूधगंगेवर गेली, त्या दिवशी पंचगंगेच्या घाणीशी शहराचा पोटाचा संबंध सुटायला लागला. इचलकरंजीनं हे आधीच केलं आहे. तिनं आधी कृष्णेकडे हात पसरला, मग दूधगंगेवरच्या सुळकूड योजनेसाठी कागलकरांशी वाद झाला. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसं दगावली, पंचगंगेचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेचा अहवाल आला. त्या वेळी लोक पेटून उठले कारण प्रश्न घरातल्या हंड्याचा होता. हंडा दुसऱ्या नदीवर गेला की राग ओसरतो. मोठी शहरं स्वच्छ पाणी शोधत वर-वर सरकतात आणि खालच्या शिरोळ तालुक्यातली गावं तिथंच राहतात. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, ३५१ पट्टे, त्यातले ५३ महाराष्ट्रात, आणि त्यात पंचगंगा होती. यादीतून नाव निघेल की नाही हे अशा वेळी खालची गावं किती पुराव्यानिशी बोलतात यावर ठरेल. म्हणून मोहिमेचा संग्रह शहराच्या अभिमानासाठी करायचा नाही, शिरोळच्या हातात द्यायचा आहे.

आता नकोशा कागदांविषयी. कुठल्याही मोहिमेच्या फायलीत सर्वांत मौल्यवान काय असतं? पाठवलेली पत्रं आणि त्यांना न आलेली उत्तरं. माहिती अधिकारात मिळालेले, अर्धे काळे झालेले झेरॉक्स. ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीसाठी अमुक विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे’ अशा ओळीची पोच. ज्या घाटावर तीनदा सफाई केली आणि तीनदा जैसे थे झालं त्याची गोष्ट. समारोपाच्या स्मरणिकेत यातलं काही येत नाही, कारण स्मरणिकेत जाहिराती असतात. माझ्या मते संग्रहाचं पहिलं पान याच कागदांचं असावं. पुढच्या माणसाला आपल्या यशाची गरज नाही. कुठलं दार ठोठावून झालंय आणि कोणत्या टेबलावर पत्र अडकतं, हे त्याला हवं. कोल्हापूरला कागदाची किंमत नव्यानं शिकवायची गरज नसावी. शाहू महाराजांचा ५० टक्के राखीव जागांचा २६ जुलै १९०२ चा आदेश करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला, म्हणूनच आज तो तारखेसह कुणाच्याही तोंडावर ठेवता येतो. संस्थानाचं दप्तर शहरातल्या पुरालेखागारात सांभाळलेलं आहे. नदीसाठी झगडणाऱ्यांचं दप्तर मात्र एखाद्या कार्यकर्त्याच्या घरच्या कपाटात असतं, आणि तो माणूस गेला की सहा महिन्यांत रद्दीवाल्याकडे.

‘सगळं व्हॉट्सॲपवर आहे की’ असं यावर हमखास ऐकायला मिळतं. आहे, पण जे आहे त्याची किंमत उरलेली नाही. व्हॉट्सॲपवरून साधेपणानं पाठवलेल्या फोटोतून कॅमेऱ्यानं नोंदलेली वेळ आणि जागा निघून जाते. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर राहते. ही एवढी बारीक गोष्ट पहिल्या दिवशी कुणी ग्रुपवर सांगितली असती तर हजारो फोटो पुरावा म्हणून उरले असते. मोहीम संपत असली तरी मूळ फोटो अजून लोकांच्या फोनमध्ये असतात, फोन बदलायच्या आत ते मागून घ्यावेत. गुगलच्या खात्याचंही तसंच. दोन वर्षं कुणी हात न लावलेली वैयक्तिक खाती कंपनी काढून टाकू शकते, आणि मोहिमेचं खातं म्हणजे समारोपानंतर कुणीच न उघडणारं खातं. संकेतस्थळाचं नाव एखाद्या उत्साही तरुणाच्या कार्डावर वर्षभरासाठी घेतलेलं असतं, तो नोकरीला पुण्याला गेला की नूतनीकरण राहतं, आणि दोन वर्षांनी त्या पत्त्यावर भलतीच जाहिरात दिसते. जुने अहवाल श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये टंकलेले असतील तर शोधताना ‘पंचगंगा’ हा शब्दही सापडत नाही, ते युनिकोडमध्ये आणण्याला पर्याय नाही.

म्हणून ॲप नको. ॲप ही समारोपाच्या भाषणाला शोभणारी आणि तिसऱ्या वर्षी फोनवर न चालणारी गोष्ट आहे. साधी पानं, कुठल्याही संगणकावर उघडतील असे तक्ते, आणि किमान तीन ठिकाणी प्रती. एक इंटरनेट अर्काइव्हसारख्या खुल्या ठिकाणी, एक शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात, एक करवीर नगर वाचन मंदिरासारख्या, १८५० पासून टिकून राहिलेल्या संस्थेत. आणि हो, हार्डडिस्क पूररेषेच्या आत ठेवू नये. हसू येईल, पण २०१९ ला शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी कुठवर आलं होतं ते आठवलं तर येणार नाही.

एक हरकत मात्र मी गंभीरपणे घेतो. सगळं खुलं केलं तर माणसं अडचणीत येतील. खरं आहे. तक्रारअर्जावर गावकऱ्याचं नाव, पत्ता, मोबाइल असतो, आणि त्याचाच मुलगा त्या कारखान्यात हंगामी कामाला असतो. सफाईच्या फोटोंत शाळेतल्या मुलामुलींचे चेहरे असतात, त्यांच्या पालकांना कुणी विचारलेलं नसतं. त्यामुळे नावं-नंबर झाकल्याशिवाय एकही कागद वर जाऊ नये, आणि मुलांचे चेहरे तर नकोतच. नदीच्या संग्रहाला त्यांची गरजही नाही. कारखान्यांच्या नावाबाबतही सबुरी हवी. ‘अमुक कारखान्यानं सोडलं’ असं आपण लिहू नये. ‘अमुक नाल्याच्या तोंडाशी, अमुक वेळी, असं पाणी दिसलं’ एवढंच लिहावं. नाला कुठून येतो हे नकाशा सांगतो.

दुसरी हरकत कार्यकर्त्यांचीच: कागद काळे करण्यापेक्षा आणखी चार रविवार नदीत उतरू. या माणसांविषयी मला आदर आहे, त्यांच्या कमरेएवढ्या चिखलात उभं राहण्याला तोड नाही. पण चार रविवारांनी नदी साफ होणार नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यातला एक रविवार खोल्या उघडून, फायली काढून, फोनमधले फोटो उतरवून घालवला तर बाकीच्या सगळ्या रविवारांचा हिशेब उरेल. समारोपाच्या शाली आणि स्मृतिचिन्हांवर होणारा खर्च या कामाला पुरून उरावा, असा माझा अंदाज आहे. सत्कार स्वीकारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी तो आनंदानं सोडला असता.

राहिला प्रश्न लिहिण्याच्या हक्काचा. संग्रहाची किल्ली समितीच्या अध्यक्षांकडे राहिली तर तो मोहिमेबरोबरच संपेल. काठावरच्या प्रत्येक गावातून दोन माणसं, नदीवर अजून जाळं टाकणारे मच्छीमार, शाळेतले विज्ञानाचे एखाद-दोन शिक्षक आणि विद्यापीठाच्या पर्यावरणशास्त्र विभागातलं कुणीतरी तपासायला, अशी रचना झाली तर नोंदी चालू राहतील. मच्छीमारांना तर आधी बोलतं करून त्यांचा आवाजच नोंदवून ठेवावा. कोणता मासा कुठल्या बंधाऱ्याखाली मिळायचा आणि कधीपासून मिळेनासा झाला, हे दुसऱ्या कुठल्याही कागदावर नाही. हे सगळं समारोपानंतर ‘सवडीनं’ होणारं काम नाही, कारण समारोपानंतर ग्रुपवर फक्त सुप्रभात येतं. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे पडतात आणि पाणी उभं राहतं. त्याआधीच्या वाहत्या पाण्याच्या नोंदी हातात असतील तरच नंतरच्या नोंदींची तुलना होईल. तेव्हा मोहीम या उन्हाळ्यात संपणार असेल तर तक्ता आणि माणसं गणपतीपूर्वी ठरलेली हवीत, आणि पहिली नोंद विसर्जनाच्या आधीच्या आठवड्यातली हवी.